पंचावन्न माणसं एकाच माणसात : सतीश शाह यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलूया

गावभागकर

मंडळी, दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता आणि एका आठवड्यात दोन बातम्या आल्या. २०२५ च्या २० ऑक्टोबरला विनोदी नट असरानी गेले आणि २५ ला सतीश शाह. असरानींचं वय ८४, सतीश शाह ७४. तेव्हापासून मी जिथं बघतोय तिथं सतीश शाह म्हणजे 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ह्या हिंदी सिरीयलमधला सासरा इंद्रवदन एवढंच लिहून येतंय आणि ते मला टोचतंय म्हणून हा धागा. इंद्रवदन मलाही प्रचंड आवडतो, त्याबद्दल वाद नाही, पण त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं हा माणूस काय काय करत होता ते आमच्या पिढीनं डोळ्यानं बघितलंय आणि ते कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे.

माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. घरात टीव्ही नव्हता. गल्लीत एकच, तो पण समोरच्या वाड्यात माडीवर. शुक्रवारी रात्री ९ ला 'ये जो है ज़िंदगी' लागायचं. त्या काकू आम्हा पोरांना आधी पाय धुवायला लावायच्या, मग जाजमावर बसवायच्या आणि खोलीतला बल्ब घालवायच्या, म्हणजे पडद्यावर नीट दिसतं म्हणून. वडील यार्डातून थेट यायचे, शर्टाला हळदीचा वास असायचा, आणि दारातच उभे राहून विचारायचे, "आला का तो?" तो म्हणजे सतीश शाह. नाव कुणालाच माहिती नव्हतं. आमचा एक खेळ होता. दर आठवड्याला तो वेगळाच कुणीतरी होऊन यायचा, मिशी वेगळी, बोलायची ढब वेगळी, चाल वेगळी, आणि जो पहिल्यांदा "हाच तो!" म्हणून ओळखेल त्याला बाकीच्यांनी एकेक गोटी द्यायची. मी कितीतरी वेळा हरलोय. एकदा तर तो येऊन, बोलून, निघून गेला तरी मी त्याचीच वाट बघत बसलो होतो.

नंतर मोठा झाल्यावर वाचलं की साधारण ५५ भागांत ५५ वेगवेगळी माणसं त्यांनी केली. सिरीयल १९८४ ची, लिहायचे हिंदीतले शरद जोशी आणि दिग्दर्शनात कुंदन शाह होते. घर होतं शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचं, मेव्हणा राकेश बेदी. म्हणजे हे तिघं पक्के, आणि चौथा माणूस दर आठवड्याला नवा. आता विचार करा की टीव्हीवर नाव कसं होतं, तर एकच चेहरा एकच नाव वर्षभर लोकांच्या डोळ्यासमोर ठेवून. ह्या माणसानं बरोबर उलटं केलं. पाठांतर नवीन, कपडे नवीन, बोली नवीन आणि सगळं आठवड्याभरात. त्यांनी स्वतःची ओळख पुसून टाकली आणि तीच त्यांची ओळख झाली, एवढंच मला सांगायचंय. बाकी तुम्ही लिहा.

---

पुष्पराज_चौक

भावा लई भारी लिहिलास. हळदीचा वास वाचून मला आमच्या आज्ज्याची आठवण आली, ते पण यार्डातच हमाल होते.

---

कृष्णाकाठ

छान धागा. एक सांगलीचा धागा जोडतो. सतीश शाह यांना सगळ्यात आधी नाव मिळालं ते 'जाने भी दो यारो' मुळं, १९८३. त्यातली संपादिका शोभा म्हणजे भक्ती बर्वे. आणि भक्तीताई आपल्या सांगलीच्या, १९४८ चा जन्म इथलाच. 'ती फुलराणी' मुळं महाराष्ट्रात घरोघरी माहीत, मुंबई दूरदर्शनवर बातम्या पण द्यायच्या. आणि त्यांचे यजमान कोण, तर शफी इनामदार. म्हणजे बघा, बायकोबरोबर सतीश शाह सिनेमात आणि नवऱ्याबरोबर सिरीयलमध्ये, लागोपाठच्या दोन वर्षांत. दोघंही फार लवकर गेले. शफी १३ मार्च १९९६ ला, वर्ल्ड कपची भारत-श्रीलंका सेमीफायनल होती त्याच दिवशी. भक्तीताई २००१ च्या फेब्रुवारीत एक्सप्रेसवेवर अपघातात.

---

वाईची_सून

कृष्णाकाठ, त्या वाईहूनच परत चालल्या होत्या मुंबईला. इथला कार्यक्रम करून. त्या वेळी मी नवीन लग्न होऊन आले होते, सासूबाई कार्यक्रमाला जाऊन आल्या होत्या आणि रात्रभर त्यांचंच कौतुक चाललं होतं, दुसऱ्या दिवशी बातमी आली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. विषय सतीश शाह यांचा आहे पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

गावभागकर

ताई, विषयाला धरूनच आहे. ही सगळी एकाच घरातली माणसं असल्यासारखी आहेत. 'जाने भी दो यारो'ला एनएफडीसीनं, म्हणजे सरकारी फिल्म महामंडळानं पैसे दिले होते, बजेट काही लाखांत, कुंदन शाह यांचा पहिलाच सिनेमा आणि त्याला पहिल्या दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक. नसीरुद्दीन, ओम पुरी, पंकज कपूर, रवी बासवानी, सतीश कौशिक, नीना गुप्ता. आज एवढी माणसं एका सिनेमात घ्यायची म्हटलं तर नुसत्या तारखा जुळवता जुळवता वर्ष जाईल.

---

हौशी_नट

गावभागकर दादा, तुम्ही सिरीयलबद्दल लिहिलंत, मी मढ्याबद्दल लिहितो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, सतीश शाह त्यात कमिशनर डिमेलो. भ्रष्ट, गोड बोलणारा, केक खाऊन अर्धा फेकून देणारा माणूस. अर्ध्यात त्याचा खून होतो आणि मग उरलेला सिनेमा सतीश शाह यांनी प्रेत म्हणून काम केलंय. शवपेटीतनं रस्त्यावर फिरतो, दारू प्यालेल्या ओम पुरीला वाटतं की हा गाडीत बसलाय आणि गाडी बंद पडलीय, मग तो त्याच्याशी भांडतो काय, मदत काय करतो. शेवटी साडी नेसवून द्रौपदी म्हणून स्टेजवर उभा करतात आणि सगळं महाभारत त्याच्याभोवती.

मी गेली अठरा वर्षं सांगलीत हौशी नाटकं करतोय, राज्य नाट्य स्पर्धेत पाच-सहा वेळा भावे नाट्यमंदिरात उभा राहिलोय. एका एकांकिकेत मला प्रेताचं काम होतं, वीस मिनिटं. मला वाटलं सोपं आहे, पडून तर राहायचंय. तालमीत पहिल्या दिवशी कळलं. एक तर श्वास. छातीनं घेतला की शाल वरखाली होते आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला पण दिसते. म्हणून पोटाच्या कडेनं, बरगडीच्या खालच्या बाजूनं थोडा थोडा घ्यायचा. दुसरं पापण्या. डोळे मिटले की काम झालं असं नसतं, दिव्याचा उजेड तोंडावर आला की मिटलेल्या पापण्या फडफडतात, ते थांबवायला डोळे मिटून खाली, गालाकडं बघत राहायचं, मग फडफड कमी होते. तिसरं आणि सगळ्यात अवघड म्हणजे उचलणं. अंग कडक ठेवलं तर दोन पोरं आरामात उचलतात पण मग लाकडाची फळी नेल्यासारखं दिसतं, हसू येत नाही. आणि अंग खरंच सैल सोडलं तर चार पोरांना उचलत नाही, काखेत हात घातला की माणूस निसटून खाली जातो. मला आमच्या दिग्दर्शकांनी शिकवलं की मान, मनगटं आणि जबडा सोडायचा आणि कंबर आणि मांड्या धरून ठेवायच्या. म्हणजे वरून मेलेला, आतून जिवंत. दोन महिने पाठ दुखत होती.

हे कळल्यावर मी परत तो सिनेमा बघितला आणि मला वेगळंच दिसायला लागलं. सतीश शाह यांचं वजन बघा, हलका माणूस नव्हता. त्यांना दोघं-तिघं ओढतायत, ढकलतायत, उभं करतायत, आणि मान प्रत्येक वेळी बरोबर त्या बाजूला पडते जिथं पडल्यावर समोरच्या नटाला उत्तर मिळाल्यासारखं वाटेल. ओम पुरी बडबडतायत त्या सीनमध्ये हसू येतं ते ओम पुरींच्या बोलण्याला, बरोबर, पण ते बोलणं ज्याच्यावर आपटून परत येतंय तो चेहरा सतीश शाह यांचा. चेहरा काहीच करत नाही. ते काहीच न करणं तुम्ही करून बघा.

आमच्या त्या एकांकिकेला परीक्षक म्हणून जे आले होते त्यांनी नंतर सगळ्यांच्या कामाबद्दल बोलताना मला वगळलं, आणि आमच्यातल्या एकानं विचारलं तर म्हणाले मेलेल्याला कसला अभिनय. मी काही बोललो नाही. पण ते वाक्य पंधरा वर्षं झाली तरी गेलेलं नाही.

---

मिरज_जंक्शन

हौशी_नट, हे वाचून अंगावर काटा आला बघा. पापण्यांचं तर माहितीच नव्हतं. आता परत बघणार.

---

विश्रामबागवाली

मला एक गोष्ट मांडायची आहे, थोडी वेगळी आहे, रागावू नका.

सिरीयल आणि तो एक सिनेमा सोडला तर हिंदी सिनेमानं त्यांना दिलं काय? मी मनात यादी केली. 'हम आपके हैं कौन' मध्ये डॉक्टर, 'दिलवाले दुल्हनिया' मध्ये कुलजीतचा बाप, 'कल हो ना हो', 'फना', 'ओम शांती ओम', अशी ढिगानं नावं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी दोन-चार सीन. पुण्याच्या एफटीआयआय ह्या फिल्म संस्थेतनं शिकून आलेला नट, 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' आणि 'गमन' सारख्या सिनेमांत सुरुवात केलेला, आणि पुढं तीस वर्षं लग्नाच्या गर्दीत उभा. 'मैं हूँ ना' मध्ये तर बोलताना थुंकणारा प्रोफेसर. मला तो विनोद तेव्हाही ओंगळ वाटला आणि आजही वाटतो. एवढ्या ताकदीच्या माणसाकडनं थुंकी उडवून घ्यायची? मला वाईट वाटतं, कौतुक करताना हे पण बोललं पाहिजे.

---

गावभागकर

ताई, तुमचं अर्धं मला पटतं. दिलं नाही हे खरं. नव्वदच्या दशकात हिंदी सिनेमात विनोदी नट म्हणजे हिरोच्या मागं फिरणारा मित्र किंवा लग्नघरातला मामा, त्याच्या पलीकडं लिहितच नव्हते. पण त्यांनी टीव्ही कधी सोडला नाही हे बघा. १९९३ च्या सुमारास झी टीव्हीवर 'फिल्मी चक्कर', त्यात बायको रत्ना पाठक शाह. म्हणजे साराभाईच्या दहा वर्षं आधीच ही जोडी नवरा-बायको म्हणून घरात येऊन गेलेली. मग 'घर जमाई', त्यात जावई आर. माधवन आणि सासरा सतीश शाह. माधवन तेव्हा सिनेमात मोठा झालेला नव्हता. सिनेमात दोन सीन मिळाले तर दोन करायचे आणि टीव्हीवर पोटभर काम करायचं, असं गणित मला दिसतं. संसार चालवणाऱ्या माणसाचं गणित आहे ते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

थुंकीबद्दल मात्र मी भांडणार. तो सीन पुन्हा बघा आणि शाहरुखकडं बघा. सगळा सीन शाहरुखच्या चुकवाचुकवीवर आहे. आणि चुकवायला त्याला वेळ कधी मिळतो, तर सतीश शाह शब्दाच्या आधी किंचित थांबतात तेव्हा. म्हणजे आपल्याला आधीच कळतं की आता उडणार. तो थांबा त्यांनी दिलाय. हिरोला हसं मिळवून द्यायचं आणि आपण ओंगळ दिसायचं, हे कितीजण करतील?

---

विश्रामबागवाली

थांबा दिलाय हे पटलं. ओंगळ आहे हे पण माझं कायम आहे. दोन्ही खरं असू शकतं.

---

गावभागकर

असू शकतं. मान्य.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. एक दुरुस्ती आधी. धागा काढणाऱ्यांनी लिहिलंय की दर आठवड्याला नवा माणूस आणि सगळी ओळख पुसलेली, पण 'थर्टी ईयर्स का एक्सपीरियन्स' विसरलात का? ते त्यांचंच, त्याच सिरीयलमधलं, आणि शाळेत आम्ही वर्षभर म्हणत होतो. मास्तरांनी गणित चुकवलं की मागनं कोण तरी म्हणायचं आणि सगळ्या वर्गाला छड्या. तेव्हा तकियाकलाम त्यांनाही होता. फक्त तो ते पुढं चाळीस वर्षं विकत बसले नाहीत, हे तुमचं म्हणणं असेल तर बरोबर.

दुसरं, ह्या जातीच्या नटांबद्दल बोलायचं तर आमच्या जिल्ह्यातले राजा गोसावी. खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे, १९२५ चा जन्म. मास्टर विनायकांकडं घरकामापासून सुरुवात केलेला माणूस. १९५२ ला 'लाखाची गोष्ट' आला तेव्हा ते पुण्यात भानुविलास टॉकीजला तिकीट खिडकीवर होते, म्हणजे पडद्यावर हिरो आणि खिडकीत तोच माणूस तिकीट फाडून देतोय. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना दर वेळी टोपी काढायचे. सतीश शाह मुंबईत वाढलेले, झेवियर्स कॉलेजात शिकलेले, कुठं कुरोली कुठं झेवियर्स, पण मला दोघांत एक सारखं दिसतं. दोघांनाही समोरच्याचं बोलणं ऐकता यायचं. विनोदी नट म्हटला की सगळ्यांना त्याचं बोलणं आठवतं, पण ऐकणं बघा. राजाभाऊ ऐकताना भुवया अशा वर करायचे की समोरचा साधं वाक्य बोलला तरी लोक हसायचे.

---

गावभागकर

अजिंक्यतारा, दुरुस्ती शिरसावंद्य. 'थर्टी ईयर्स' कसं विसरलो मी, आमच्या गल्लीत पण चालायचं ते. आणि ऐकण्याचं जे लिहिलंत तेच मला म्हणायचं होतं आणि मला शब्द सापडत नव्हते.

---

मिरज_जंक्शन

मराठीचं कुणीच लिहिलं नाही अजून! 'गंमत जंमत' १९८७. सचिनचा सिनेमा. सचिन, अशोक सराफ, वर्षा उसगावकर, सुधीर जोशी, आणि त्यात इन्स्पेक्टर फुटे म्हणजे सतीश शाह. मी लहानपणी गणपतीत गल्लीत पडदा लावून बघितलाय आणि मला कित्येक वर्षं ते मराठीच नट आहेत असं वाटायचं. गुजराती माणूस आहे हे कॉलेजात कळलं. अशोकमामांसमोर विनोदी काम करायचं म्हणजे खायची गोष्ट नाही, समोरचा वाहून जातो, पण फुटे वाहून गेला नाही. शहा आडनाव सांगलीत काय कमी आहे का, पेठेत निम्मी दुकानं शहांची, सगळे आपल्यासारखंच मराठी बोलतात, त्यामुळं आम्हाला वेगळं काही वाटलंच नाही.

---

कृष्णाकाठ

सुधीर जोशींचं नाव घेतलंत बरं केलंत. 'अशी ही बनवाबनवी' मधले विश्वासराव सरपोतदार. तो माणूस पण असाच. सगळ्या सिनेमाचं हसं दुसऱ्यांना मिळतं आणि विश्वासराव रागानं थरथरत उभे असतात, ते रागावतात म्हणून तर आपण हसतो. सुधीर जोशी २००५ ला गेले. त्यांच्यावर पण कुणीतरी धागा काढा.

---

पुष्पराज_चौक

मी तरुण पिढीतला हाय, मी ते शुक्रवारचं काय बघितलेलं नाही, मला इंद्रवदनच माहिती. पण त्याचं एक सांगतो.

२०१९ च्या पुरात आमचं घर पाण्यात गेलं. ऑगस्टचे दिवस, आयर्विन पुलाजवळचं पाणी बघायला गेलेली माणसं दुपारी सामान काढायला पळाली, आमच्या खालच्या खोलीत संध्याकाळी गुडघाभर आणि सकाळी दारं दिसत नव्हती. आम्ही मावशीकडं, ११ माणसं दोन खोल्यांत. आज्जी बोलायची बंदच झाली होती. तिचा सगळा संसार खाली होता, धान्याची कोठी, आज्ज्याचा फोटो, सगळं. तीन दिवस ती भिंतीकडं तोंड करून बसली. लाईट आली की सगळे मोबाईल चार्जिंगला लावायचे आणि मावसभाऊ त्याच्यावर साराभाईचे जुने भाग लावायचा, हेडफोन नव्हता म्हणून सगळ्यांना ऐकू यायचं. आज्जीला हिंदी धड कळत नाही. एका भागात इंद्रवदन बायकोची खोड काढतो आणि मग काही केलंच नाही असं तोंड करून पेपर वाचत बसतो. आज्जी मागनं बघत होती हे आम्हाला माहितीच नव्हतं. एकदम म्हणाली, "तुमचा आज्जा असाच करायचा." आणि हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग रोज संध्याकाळी विचारायची, तो लबाड लावा की.

मी कधी कुणाला पत्र बित्र लिहिलेलं नाही पण ह्या माणसाला लिहायला पाहिजे होतं. राहून गेलं.

---

वाईची_सून

पुष्पराज, डोळ्यात पाणी आलं रे बाळा. आज्जी बऱ्या आहेत ना?

---

पुष्पराज_चौक

आहेत ताई. ८३ वर्षांच्या आहेत. बातमी मीच सांगितली त्यांना. म्हणाल्या, लबाड गेला होय.

---

हौशी_नट

पेपर वाचणारं तोंड! अगदी तेच. साराभाईत बाकीच्या चौघांना पक्के रंग दिलेत. बायको माया टोमणे मारणार, सून मोनिशा डिस्काउंटवर जीव टाकणार, धाकटा मुलगा रोसेश कविता म्हणणार, थोरला साहिल मध्ये सापडणार. इंद्रवदनला असं ठरलेलं काही नाही, तो बिनकामाचा, रिकामटेकडा सासरा, आणि त्याचं काम एकच, काडी लावायची आणि बघत बसायचं. नटाला असं काम दिलं तर तो घाबरतो, कारण धरायला काही नाही. सतीश शाह सोफ्यावर कसे बसतात बघा, पाठ टेकून, पोट सैल सोडून, आपल्या घरात बसलेला माणूस बसतो तसं. कॅमेऱ्यासमोर असं बसायला येणं ही मोठी गोष्ट आहे. आम्हाला स्टेजवर खुर्चीत बसायचं म्हटलं की पाठ ताठ होते.

आणि मजा म्हणजे साहिल करणारे सुमीत राघवन आणि ते, दोघांत फक्त वीस वर्षांचं अंतर. एक १९५१ चे, एक १९७१ चे. बाप-लेक म्हणून कुणाला एकदा तरी खटकलं का?

---

विश्रामबागवाली

नाही खटकलं. आणि एक, मोनिशाशी त्यांचं जे आहे ते मला फार आवडतं. सून मध्यमवर्गीय घरातली म्हणून सासू घालूनपाडून बोलते आणि सासरा सुनेच्या बाजूनं उभा. पण उभा राहतो तो भाषण देऊन नाही, खोड्या काढून. माझं लग्न झालं तेव्हा ती सिरीयल लागत होती, स्टार वनवर, २००४ ते २००६. आमच्या घरात सासऱ्यांसमोर मोठ्यानं हसायची पद्धत नव्हती. सासरे साराभाई बघताना इंद्रवदनला हसायचे, मी स्वयंपाकघरातनं हसायचे, आणि एकदा दोघं एकदमच हसलो तर ते म्हणाले, अगं बाहेर येऊन बघ की. तेव्हापासून मी बाहेर बसून बघायला लागले. आत्ता हे लिहिताना आठवलं. आधी मी वाईट वाटतं वगैरे लिहिलं ते सिनेमाबद्दल होतं, ह्याबद्दल नाही.

---

अजिंक्यतारा

त्या वेळी साराभाई फार चालली नव्हती हो, टीआरपी नव्हता, दोन वर्षांत बंद पडली. नंतर पुन्हा पुन्हा दाखवून आणि मोबाईलवर बघून बघून लोकांनी डोक्यावर घेतली. २०१७ ला दुसरा सीझन आला तो त्यामुळंच. मला तो पहिल्याएवढा नाही आवडला, लिखाण पातळ वाटलं, पण सतीश शाह त्यात पण सोफ्यावर तसेच.

अंत्यसंस्काराच्या वेळी साराभाईच्या मंडळींनी त्या सिरीयलचं शीर्षकगीत म्हटलं तो व्हिडिओ बघितलात का? काहींना ते बरोबर वाटलं नाही, अशा वेळी गाणं काय म्हणून. आमच्याकडं वारकरी माणूस गेला की टाळ-मृदंग वाजवत नेतात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याचं जे भजन.

---

कृष्णाकाठ

ज्याचं जे भजन, बरोबर बोललात.

---

गावभागकर

सगळं वाचलं. दोनदा वाचलं. वडील आता नाहीत, असते तर हे सगळं त्यांना वाचून दाखवलं असतं. पुष्पराज, तुझी पोस्ट बायकोला वाचून दाखवली.

हौशी_नट, त्या परीक्षकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मला एक सुचतंय. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे पदकाचा सोहळा असतो, आपल्यातले बरेच जण तिथं जातातच. त्याच्या नंतरच्या रविवारी माझ्या घरी माडीवर 'जाने भी दो यारो' लावूया का? प्रोजेक्टर मुलाच्या क्लासचा आहे, तो देतो म्हणाला. तुम्ही पापण्या आणि मानेचं जे लिहिलंत ते सीन थांबवून थांबवून दाखवा आम्हाला. माझी नात नववीत आहे, तिला नाटकाचं वेड आहे, तिला पुढं बसवणार.

---

हौशी_नट

येतो. नातीला सांगा, शाल घेऊन बसायची. मी तिला प्रेत करून दाखवतो आणि मग तिच्याकडनं करून घेतो.

---

मिरज_जंक्शन

मी पण. भडंग माझ्याकडं लागलं. किती माणसांचं आणू?

---

पुष्पराज_चौक

आज्जीला आणू का काका? जिना चढवतो मी उचलून.

---

गावभागकर

आण रे, विचारतोस काय. त्यांना खुर्ची ठेवतो, बाकीच्यांना जाजम. मिरजकर, पंधरा धरून चला. ४ वाजता. आणि सिनेमा सुरू झाला की बल्ब घालवणार आहे.